जीपला ऑइल कुठलं?

...आन वर मलाच इचारत्यात, "आबा, जीप दिसंना कुठं? इकली का काय?" इकली! अरं, जीभ झडंल तुमची! बसा हितं. चहा मागनं. आधी ऐका, मग बोला. तुमास्नी सांगतो, माझं इचारणं एवढंच हुतं, एवढंच, कुणाबी शाण्या माणसानं दोन शब्दांत उत्तर द्यावं असं... ऑइल कुठलं घालू?

बस. त्यात मी कुणाची जमीन मागितली का?

आता तुमी म्हणाल, आबा, जीप उभीच हुती दिवाळीपासनं, आत्ताच कुठं ऑइलचं काढलंसा? त्येला कारण हाय. आमची चंद्राबाई शिराळ्याची. दर नागपंचमीला तिचा भाऊ अर्जुना मुराळी म्हणून तिला न्यायला येणार, आन ही पिशवी भरून आठ दिस आधी उंबऱ्यात बसणार. लग्न झाल्यापासनं एक पंचमी चुकली न्हाई. यंदा अर्जुनाच पडला अंथरुणाला. यष्टीचा डायवर गडी, सगळ्या जिल्ह्याचं घाट तुडवलं, आन अंगावरनं वारं गेलं तसं बोलणंच बंद झालं. माणूस वळखतो, डोळं फिरवतो, पर तोंडातनं शबुद न्हाई. चंद्राबाईच्या जिवाला घोर. एकदा त्येला डोळ्यानं बघते, म्हणती, मग माझं काय बी होऊ दे.

मग त्येचा पोरगा पृथ्वीराज, त्येचा आला फोन. "मामा, आत्याला न्यायला मी येतो माझी गाडी घिऊन. तुमी नका ह्या वयात तरास घिऊ." त्येची गाडी म्हंजी नवी, पांढरी, घराएवढी, वरचं छत आपोआप उघडतंय. तरास? ह्या वयात? मी लडाखात फौजेचा ट्रक हाकलाय, एका अंगाला डोंगर आन दुसऱ्या अंगाला काईच न्हाई... काईच न्हाई म्हंजी खाली बघायचंच न्हाई! मी म्हणलं, "पृथ्वीराज, तुझी गाडी ऱ्हाऊ दे दारात. तुझ्या आत्याला मी आणतो. माझ्या जीपनं." आन ठिवला फोन. बोललो ते बोललो.

मग लागलो कामाला. सकाळी उठलो, जीपखाली गोणपाट टाकलं, आन खोललं तिन्ही नट. एक इंजनाचा, एक गियरपेटीचा, एक मागच्या चाकांच्या मधी गोळा असतोय त्या क्राऊनचा. समदं जुनं ऑइल एकाच घमेल्यात. काळं कुळकुळीत. हात धुऊन येतो तर घमेलं गायब! चंद्राबाई गोठ्यात, हातात कुंचा, आन ते ऑइल खांबांस्नी फासतीया. "वाळवीला लय चांगलं असतंय," म्हणती. असू दे म्हणलं. आपल्याला नवंच घालायचं हाय.

नवं. पर कुठलं?

बगा, हितं घोडं अडलं. फौजेत ड्रम यायचा. उस्ताद म्हणायचा, "डालो." आमी डालायचो. कुठलं म्हणून इचारलं असतं तर त्योच ड्रम डोक्यावर घिऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. फौज सुटल्यावर मेढ्यातला जुना मिस्त्री घालायचा, त्येला बी मी कवा इचारलं न्हाई, त्येनं कवा सांगितलं न्हाई, आन त्यो गेला वर. आता त्येला वर जाऊन इचारू?

गेलो बिरदेवाकडं. मेढ्यात नवीन ग्यारेज हाय त्येचं. म्हणलं, "बिरदेवा, जीप रिकामी केलीया. ऑइल कुठलं घालू?"

"आबा, जुनी गाडी हाय. जाड नंबरचं घाला. वीस-चाळीस. डोळं झाकून."

झालं! मी निघालो. तर मागनं हाक, "आबा, आधी कुठलं हुतं?"

"मला काय ठावं?"

"आसं कसं? आधी जे हुतं त्येच घालायला पायजे. बदललं की रबरी शीलं जात्यात, ऑइल गळतंय."

"अरं, आत्ता तर वीस-चाळीस म्हणलास!"

"ते म्हणलोच की. पर आधी दुसरं असलं तर मी जबाबदार न्हाई. वास घिऊन बगा, जाड-पातळ कळतंय वासावर."

वास! तुमास्नी सांगतो, फौजेत पदक घेतलेला माणूस मी, गोठ्यात खांबाला नाक लावून हुबा. एक खांब हुंगला. दुसरा हुंगला. तिसऱ्याला चंद्राबाई आली दुधाची किटली घिऊन. हुबीच ऱ्हायली. "आवं... बरं वाटतंय न्हवं तुमास्नी?"

"वास घेतोय. जाड का पातळ."

"मग? कशाचा येतोय?"

शेणाचा. दुसरा कशाचा येणार?

गेलो साताऱ्याला. दुकान म्हंजी आत थंडगार, भिताडभर डबं, लाल, निळं, सोनेरी, एकेकावर घोडा काय, वाघ काय, इमान काय. त्यो दुकानदार संगणकात बघत म्हणतो, "काका, गाडी बीएस फोर की बीएस सिक्स?"

म्हणलं, "बीएस निघायच्या आधीची."

"मग सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

"आमच्या दारात दिसतीया. चल, दावतो."

हसला. म्हणला, "असं करा, पंधरा-चाळीस न्या."

"बिरदेव वीस म्हणतो."

"मग वीस न्या."

"अरं, मग पंधरा का म्हणलास?"

"काका, खरं सांगू? कुठलंही चालतं."

टाळकंच फिरलं माझं! कुठलंबी चालतंय तर एवढी भिताडभर मांडलीयास कशाला, मर्दा? एकच पिंप ठेव की मधी! आन माझं इचारणं एवढंच हुतं... घालू कुठलं?

आता पुण्याचं ऐका. आमचा वीरधवल, माझाच पोरगा, तिकडं मोठ्या कंपनीत. फोनवर म्हणतो, "आबा, काही विचार करू नका. फुल सिंथेटिक घाला. पाच-तीस. मी व्हिडिओ टाकलाय, बघा." बघितला. त्यात एक गोरा बाबा, कमरेएवढ्या बर्फात हुबा, गाडीत ऑइल ओततो आन हसतो. म्हणलं, "वीरधवल, जावळीत बर्फ कवा पडलं रं?"

"पण आबा, तुम्ही लडाखला होतात ना?"

"मी हुतो! जीप न्हवती!"

तरी इचारलं बिरदेवाला. माणूस हातातला पाना खाली ठिवून हसला. "सिंथेटिक? आबा, पाण्यावानी असतंय त्ये. तुमच्या जीपच्या शीलातनं सकाळपतूर समदं भुईवर. मी काय म्हणतो, इंजनात घालूच नका. डायरेक भुईवर ओता, तेवढीच मेहनत वाचंल."

मग काय, पसरली की बातमी. डेअरीवर दूध घालायला गेलो तर तिथं पंचायत बसलेली. ट्रॅक्टरवाला म्हणतो, ट्रॅक्टरचं घाला, जीप नांगर वढंल. एक म्हणतो इंजनाआधी फिल्टर बदला, दुसरा म्हणतो फिल्टर बदलाल तर मराल. रिटायर मास्तर म्हणत्यात एरंडेल, पूर्वी इमानात एरंडेलच घालायचं. एरंडेल! म्हणलं, मास्तर, जीपचं पोट साफ करायचं न्हाई मला! आन ज्येच्याकडं सायकल सुदिक न्हाई त्यो बी म्हणतो, "आबा, माझं ऐका..." कुणाकुणाचं ऐकू? ऑइल कुठलं त्ये सांगा की रं एकमतानं!

घरी आलो तर चंद्राबाई. "काय ठरलं?"

"ठरंल."

"ठरवा सावकाश. मी चालत निघते. तुमचं ठरस्तवर पोचंन शिराळ्यात."

पंचमी तर दारात आलेली. आन पृथ्वीराजचा फोन रोज. "मामा, येऊ का?" "मी ये म्हणलं का?" "न्हाई, पर येऊ का?"

म्हणून मग... हसायचं न्हाई. हसलासा तर उठून जाईन. म्हणून मग भैरोबाला कौल लावला. आमच्यात लगीन ठरत नसलं, हिरीला जागा ठरत नसली, तर देवाला इचारत्यात का न्हाई? मग? गुरव आला. ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही अंगाला चिकटवल्या. मी सांगितलं, उजवी पडली तर पंधरा-चाळीस, डावी पडली तर वीस-चाळीस. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा भैरोबा, तुझं लेकरू आडचणीत हाय, त्येच्या गाडीत कुठलं ऑइल घालायचं ती वाट दाव..." समदं गाव हात जोडून हुबं. आन पडली! उजवी कळी टपकन पडली! मी लोटांगण घालणार, तवर गुरव माझ्या कानात, "आबा, देवाच्या मधी मी बोलू नये. पर माझ्या टेंपोत वीस-चाळीस हाय. लय झ्याक चालतोय. परत लावू या का?"

सांगा आता! देव एकीकडं, पुजारी एकीकडं! मी म्हणलं, लाव परत. लावल्या. दोन घटका बसलो. एक बी पडली न्हाई. चंद्राबाई माझ्या मागनं म्हणती, "देवाला बी कट्टाळा आला तुमचा."

मग मात्र मी कुणाचं ऐकलं न्हाई. पयला कौल त्यो खरा कौल. पंधरा-चाळीसचा डबा आणला, झाकण काढलं, भैरोबाचं नाव घेतलं आन वतला इंजनात. किल्ली मारली. खोकली. परत मारली. आन काय सांगू गड्यांनो, निळा धूर निघाला तो समद्या आळीत, माणसाला माणूस दिसंना, आन मग धुरातनं आवाज आला... धड्-धड्-धड्-धड्! आवाज कसा? जसा पयल्या दिवशी हुता तसा! मी स्टेरिंगवर हात ठिवला आन... डोळ्यात धूर गेला हुता माझ्या. धूरच हुता.

पंचमीच्या आदल्या दिशी निघालो. त्या दिशी बायका भावाचा उपास धरत्यात, ठावं हाय न्हवं? चंद्राबाई सकाळपासनं पाण्यावर, मांडीवर लाह्याची पिशवी, नवं लुगडं, आन माझ्याकडं बघून गालात हसली. लय वर्सांनी हसली. सातारा मागं टाकला. कऱ्हाड आलं. इंजन असं गातंय जसं भजनच. मी मनात म्हणलं, बिरदेवा, दुकानदारा, गुरवा, वीरधवला... बघा!

कऱ्हाड सोडलं आन चंद्राबाई म्हणती, "आवं, कोण रडतंय?"

"कोण न्हाई. वारं हाय."

"वारं न्हाई. आपल्या खालनं येतंय."

मागनं आवाज यायला लागला. कोल्हं इवळावं तसा. मग पायाखालनं बी. मग करकर, करकर, आन गियरच पडंना! जीप एका कडंला, उसाच्या फडाजवळ. इंजन चालूच, धड्-धड्, मजेत. गाडी हलंना. लावला बिरदेवाला फोन. म्हणलं, "तुझ्या वीस-चाळीसचं कौतिक सांगू नगं, आवाज ऐक."

त्येनं ऐकला. मग हळूच म्हणतो, "आबा... गियरपेटीत काय घातलंसा?"

मी वाकून जीपच्या पोटाखाली बघितलं.

"आन क्राऊनात? आबा? तिथलं जाड नव्वद नंबर येगळं असतंय, त्ये घातलंसा न्हवं?"

मी फोन ठिवला.

तिन्ही नट मीच खोलले हुते. तिन्ही! आन समद्या मुलखाला इचारत फिरलो, साताऱ्याला गेलो, पुण्याला इचारलं, देवाला वेठीला धरलं... एकाच इंजनासाठी! बाकीची दोन कोरडी ठणठणीत, आन त्यांचं त्याल गोठ्याच्या खांबाला! ऑइल कुठलं, ऑइल कुठलं... अरं, कशाकशात, त्ये कोण इचारणार?

  चंद्राबाईनं माझ्या खिशातनं फोन काढला, लावला, आन एवढंच म्हणली, "पृथ्वीराज, ये रं लेकरा, मला न्यायला."

आला. पांढऱ्या गाडीतनं. माझ्याकडं बघून हसला सुदिक न्हाई, एवढा गुणी पोरगा. त्येचाच तर राग आला! दोर बांधला. चंद्राबाई म्होरं त्येच्या गाडीत, छत उघडं. मागं दोराला जीप, जीपमधी मी, ताठ बसलेला, आन खालनं क्राऊन इवळतंय. शिराळ्यात पंचमीची गर्दी, बाजा वाजतोय, आन लोकं बाजूला हुन वाट देत्यात. एक म्हातारी तर माझ्या जीपला हळदकुकू लावून गेली.

घरात गेलो. अर्जुना खाटेवर. चंद्राबाई त्येच्या उशाला बसली, हात हातात घेतला, "दादा, मी आले रं." त्येच्या डोळ्यातनं पाणी. त्येची बायको संयोगिता, पदर डोळ्याला. समदं घर मुसमुसतंय. मी दारात हुबा, हात काळं, मान खाली. आन अर्जुनानं डोळं फिरवलं. तिच्यावरनं माझ्यावर, माझ्यावरनं बाहीर, दोराला बांधलेल्या जीपवर. मग ओठ हलले. चंद्राबाईनं कान नेला तोंडाशी. त्येनं मान हलवली, न्हाई म्हणला, बोटानं मला बलीवलं. मी वाकलो. आन अंथरूण धरल्यापासनं एक शबुद न काढलेला माणूस, तुमास्नी सांगतो, माझ्या कानात म्हणतो,

"दाजी... ऑइल... कुठलं घातलंसा?"

"बोललं! बोललं!" संयोगिता वरडली, पृथ्वीराज नाचला, आळीत साखर वाटली. "दाजींनी बोलतं केलं!" म्हणून मलाच हार घातला. आन त्यो माझं मनगाट सोडंना. "कुठलं?"

म्हणलं, "पंधरा-चाळीस."

त्येनं डोळं मिटलं. सावकाश मान हलवली. "वीस-चाळीस... पायजे हुतं."

डाक्टर आला. म्हणला, चमत्कार हाय, आता ह्यांना बोलतं ठेवा, ह्या इषयावर बोलत्यात तर ह्याच इषयावर ठेवा. म्हणून जीप हाय तिथंच, अर्जुनाच्या दारात, त्येला खाटेवरनं दिसंल अशी. पंचमी झाल्यावर आमी दोघं आलो यष्टीनं. आता रोज सकाळी त्येचा फोन येतो, आज चार शबुद, उद्या सहा. "दाजी, गियरपेटीत कुठलं घालायचं? क्राऊनात कुठलं?" आन मी रोज म्हणतो, "बघू, अर्जुना. तुला काय वाटतंय?"

परवा सातारच्या दुकानात एक नव्वद नंबरचा डबा हातात घेतला हुता मी. चंद्राबाईनं तिथंच हिसकून परत ठिवला. म्हणली, "खबरदार! ठरीवलंसा तर!"