कानबाईच्या रोटाचे गहू

तुम्ही हसाल, पण पाटीतले गहू बघून मी दचकलेच. कमी वाटले. अक्का, म्हणजे माझी आजी, गेल्यानंतरची ही आमच्या घरातली पहिली कानबाई. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, ते काम यंदा माझ्यावर आलेलं. पुन्हा मोजलं, तरी अक्का भरायची तशी पाटी भरेना.

आई म्हणाली, "एमएस्सी झाली, आणि घरातले गडी मोजता येईनात हिला."

कोणाचं नाव राहिलं असेल तर? घाबरून धुळ्याच्या आत्याला फोन लावला. रिंग वाजतच राहिली. शेवटी तिने उचलला, सगळं ऐकून घेतलं.

"अवं, अक्का गुपचूप पोरीस्नी बी मूठ टाके. आता तुनी बी मूठ टाक."