बेटाचं दुसरं घर

आपल्या संस्थेचा पाया घालणाऱ्या आणि आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय प्राजक्ताताई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मोखाड्याहून सकाळच्या एसटीने आलेल्या मंजुषाच्या आई गोजाबाई, केंद्रातले माझे सगळे सहकारी, जागा नसल्यामुळे दारात उभे राहिलेले जव्हारकर, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली मंजुषा, आपणा सर्वांना या जगन गुरुजींचा नमस्कार.

संस्थेचा सचिव म्हणून मला पाच मिनिटं दिलेली आहेत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाची पाच मिनिटांत फक्त हजेरी घेऊन होते. तरी प्रयत्न करतो. नीलेश, तो पंखा जरा हळू कर बाबा, माझा कागद उडतोय.

मंजुषा उद्या निघते आहे. कुठे निघते आहे, ते गावाला अजून नीटसं कळलेलं नाही. परवा बाजारात एकाने मला विचारलं, दुबईला का? दुबई नाही. ते एक लहानसं बेट आहे, भर समुद्रात. मी नकाशात शोधलं तेव्हा ते माझ्या बोटाच्या नखाखाली झाकलं गेलं होतं. त्या बेटावर शेती नाही, कारखाने नाहीत. पण वीज जात नाही, आणि मोठमोठे संगणक रात्रंदिवस चालतात. तिथल्या सरकारने ठरवलं, की जगभरच्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांना आपल्याकडे बोलवायचं. तुमचे खेळ आमच्या संगणकांवर ठेवा, आम्ही ते जपतो.

कंपन्यांनी एकच प्रश्न विचारला. बेटावर वादळ आलं तर?

म्हणजे त्या बेटाला समुद्रापासून लांब, उंचावर, दुसरं घर हवं होतं. खेळाची एक प्रत तिथे, एक इथे. एक थांबलं तर दुसऱ्याने खेळ पुढे चालू ठेवायचा. आपल्या संगणक केंद्राचा अर्ज मंजुषाने पाठवला. मी सही केली, तीही हसत हसत. मग बेटावरची दोन माणसं खरोखरच इथे आली. मी त्यांना शिरपामाळाची टेकडी दाखवायला नेलं. त्यांनी विचारलं, समुद्र किती लांब? मी म्हटलं, घाट उतरून दोन-अडीच तास. मला वाटलं, बिचाऱ्यांना करमत नसेल. तर ते एकमेकांकडे बघून खूष. आपल्याकडे समुद्र नाही हे आपलं भांडवल असू शकतं, हे मला या वयात कळलं.

गोजाबाईंनी मात्र लेकीला आधी वेगळंच विचारलं होतं. "पैसे लावून खेळतात का गं त्याच्यात?" मंजुषा म्हणाली, "नाय आई, नुसता कॅरम हाय." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

हो, कॅरम. चाचणीसाठी आपल्याला ऑनलाइन कॅरमचा एक खेळ दिला होता. आठ दिवस तो जव्हारहून चालवून दाखवायचा. त्यात खंड पडला नाही तर काम आपलं. केंद्रातल्या अकरा जणांच्या नोकऱ्या त्या आठ दिवसांवर होत्या, कारण आधीचं काम संपत आलं होतं. आणि आठ दिवस आले कोणते? नवरात्राचे.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. निदान माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. पूजेला मांडलेला नांगर, कोयता, शिलाई मशीन, काहीही त्या दिवशी चालवत नाही. आपल्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या जामसरच्या हिराबाईंनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि बटण बंद केलं. जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतली माणसं सोंगटीवर नेम धरून बसली होती, आणि इकडे उदबत्ती. तेव्हापासून एसटी स्टँडवर पोरं म्हणतात, हिराबाईने बेट बंद पाडलं. हिराबाई स्वतःही हसतात. मी ही गोष्ट दोन कार्यक्रमांत रंगवून सांगितली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

खेळ थांबला तो चाळीस सेकंद. मग आपोआप सुरू झाला, मोखाड्याहून. आपल्या मोखाड्याच्या शाखेतल्या संगणकावर मंजुषाने कुणी न सांगता आणखी एक प्रत ठेवली होती, आणि त्या सकाळी ती स्वतःही तिथेच होती. मी तिला विचारलं, हे तुला कुठल्या पुस्तकात मिळालं? ती म्हणाली, आईकडून. गोजाबाई नागलीचं बी कधी एका घरात ठेवत नाहीत. थोडं आपल्या घरी, थोडं बहिणीकडे, थोडं दुसऱ्या पाड्यावर. मी आज सकाळीच त्यांना विचारलं तर मलाच म्हणाल्या, "उंदीर काय इचारून येतो का, गुरुजी?"

चूक झाली हे मंजुषाने बेटाला स्वतःहून कळवलं. "आज आमच्याकडे अवजारांना विश्रांती देण्याचा सण होता. केंद्र आमच्याच हातांनी बंद झालं. खेळ मोखाड्याहून चालू राहिला." बेटाने हेच पत्र कंपन्यांना दाखवलं. वादळाची तयारी सगळेच सांगतात, पण घरच्याच माणसाने बटण बंद केलं तरी खेळ चालतो, हे फक्त आपण करून दाखवलं होतं. काम आपल्याला मिळालं. आज तीन कंपन्यांचे खेळ त्या बेटावर आहेत आणि त्यांचं दुसरं घर इथे आहे. आता बेटाने मंजुषालाच तीन वर्षांसाठी बोलावलं. मला अभिमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर उद्यापासून केंद्रात करमणार नाही.

प्राजक्ताताई घड्याळाकडे बघताहेत. ताई, आणखी दोनच मिनिटं.

मागच्या आठवड्यात मी मंजुषाचं प्रमाणपत्र घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो. बोलता बोलता तीच खंडेनवमीची गोष्ट निघाली आणि मी सवयीने म्हटलं, आपल्या हिराबाई म्हणजे धन्य आहेत. मंजुषाने वर न बघता म्हटलं, "सर, सर्व्हरच्या खोलीत कॅमेरा आहे." एवढंच. मग मला चहा विचारला.

कॅमेऱ्यात काय आहे ते आता माझ्या तोंडून ऐका. त्या दिवशी हिराबाईंनी हार घातला आणि हात मागे घेतला. म्हणाल्या, "गुरुजी, मंजुषाबाय बोललीय, बटणाला हात लावायचा नाय." मी म्हटलं, पूजेतलं अवजार निवांत असलं पाहिजे, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, करा बंद. त्या दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या. मी आवाज चढवला. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काय. त्यांनी बंद केलं. मग फोन वाजायला लागले. प्राजक्ताताईंनी येऊन विचारलं, कुणी बंद केलं? हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं झाला." त्यांचं बोलणं खरं होतं. गप्प राहून खोटेपणा मी केला, वर्षभर.

त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मंजुषानेही पत्रात "आमच्याच हातांनी" लिहिलं आणि मला वेळ दिला. पोरी, तुझ्यासमोर बोलायचं तर आजचाच दिवस होता.

ताई, वक्त्याला देण्यासाठी तुमच्यापुढे जी शाल ठेवली आहे, ती मी घेणार नाही. ती हिराबाईंच्या खांद्यावर घाला. हिराबाई, तुम्ही दाराशी का उभ्या आहात? पुढे या.

मंजुषा, नीट जा. जेवत जा. तिकडच्या लोकांना सांग, जव्हारला उन्हाळ्यातसुद्धा रात्री गार वाटतं. संस्थेचे, पाहुण्यांचे, आणि मागे वडे तळणाऱ्या मंडळींचे मी मनापासून आभार मानतो.

भाषणाच्या शेवटी, काही कमीजास्त बोललो असेन तर क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. मी ते शेकडो वेळा सभागृहाकडे बघून म्हटलं आहे. आज सभागृहाकडे मागत नाही. हिराबाई, तुम्ही मला दोनदा नाही म्हणाल्या होतात. माझं चुकलं. मला क्षमा करा.