न झालेल्या परीक्षेचे गुण

सुमेधाच्या अर्जाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. अमेरिकेत शिकून आल्यावर मला एकच ध्यास होता, आपल्याकडची पोरं तिकडं पोचवायची. पहिली ही खुलताबादची सुमेधा. तिकडच्या विद्यापीठाला बारावीच्या गुणांचा अंदाज शाळेच्या शिक्क्यानिशी जानेवारीतच हवा होता, नाहीतर अर्ज बाद. आपली परीक्षा फेब्रुवारीत.

मुख्याध्यापक म्हणाले, "न झालेल्या परीक्षेचे गुण? मी नाय लिहिणार."

मी म्हणालो, "सर, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगतातच की."

"त्याच्याच भरवशावर गेल्या साली पेरलं. सगळं वाळलं."

सुमेधा हळूच म्हणाली, "पण औंदा परत पेरलंच ना, सर?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"नव्वद टक्के लिहितो. तेवढं पावसासारखं करू नको, पोरी."