कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

मला एक सांगा, सरकारी शाळेत जायला मुलाखत कशाला लागते? आपल्याकडे मास्तर घरी येऊन पोरं धरून नेतात. मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

धाकटी बहीण पिंकी कॅनडाच्या सरकारी शाळेतल्या प्रवेशाच्या मुलाखतीला इंदिरानगरच्या घरात मोबाइलसमोर बसली. आईने तिला कुंकू लावलं, मोबाइललाही लावलं, नेमकं कॅमेऱ्यावर. व्हिडिओ कॉल लागताच तिकडच्या मॅडम किंचाळल्या, "ब्लड?"

मी घाईत कॅमेरा चाटून पुसला. मॅडमना माझी अख्खी जीभ दिसली.

"दादा, हो बाजूला! सॉरी मॅडम, ब्रदर."

मॅडम हसत सुटल्या. पिंकी पास!

कॅनडाला निघायच्या आठवड्यातच डेंग्यूने ती गेली. आदल्या दिवशी दवाखान्यात म्हणाली, "दादा, उशीर होईल, मॅडमना कळव."

मी तिच्यासमोरच फोन लावून ओरडलो, "मॅडम, पिंकी कमिंग! बेंचवर रुमाल टाकून ठेवा!"