चोवीस कोर

सोलच्या योंगसान बाजारात संगणक दुरुस्तीच्या रांगेत उभ्या नाम-हीला पुढच्या म्हाताऱ्याचं आणि कारागिराचं बोलणं ऐकू येत होतं.

"आठ कोरचा प्रोसेसर काढून चोवीसचा बसवलात, काका?"

"जास्त कोर म्हणजे जास्त वेग ना?"

"कसला वेग! यावरचा हा गेम चार-सहा कोरांवर चालतो. बाकीचे लग्नातल्या पाहुण्यांसारखे बसून राहतात. वर यातला एकेक जुन्यापेक्षा मंद."

"मग जुनाच बसवा."

"खेळतं कोण?"

"मुलगी. परवा घरूनच गेमिंग संघाची निवड चाचणी दिली. हरली."

"दोष मशीनचा, हे सांगितलंत तिला?"

"तिला न सांगताच बदलला होता. ती म्हणते, एकोणिसाव्या वर्षीच माझे हात मंदावले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वय कुणाला चुकलंय, बाळा?"