तीन जाळ्यांचा स्पीकर

आमच्या बाबांनी स्पीकर आणला तो किस्सा तुम्हाला सांगितलाच नाही ना? घाटकोपरच्या आमच्या चाळीत रविवारी भाड्याचा व्हीसीआर येणार होता. टीव्हीचा आवाज मागे बसणाऱ्यांना पोचत नाही, म्हणून वेगळा स्पीकर हवा होता. मी म्हटलं, "मी बनवतो." कॉलेज सोडल्यापासून वर्षभर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी तेच करत होतो.

"बारावी होईना, आणि म्हणे स्पीकर बनवतो!" असं म्हणून बाबा वाकोल्याहून तीन जाळ्यांचं भलंमोठं खोकं घेऊन आले. लावलं, तर आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. चुकलं की ओरडायचं, ही बाबांची जुनी खोड. "तीन स्पीकर आहेत त्यात, शहाण्या! ऐकायला कान लागतात."

मी त्यांच्यासमोरच मागची फळी उघडली. वायर एकाच स्पीकरला जोडलेली. बाकी दोन नुसते कागदाचे भोंगे, चुंबकाचा पत्ता नाही. बाबांनी दुकानात फक्त जाळ्या मोजल्या होत्या!

आई फिस्सकन हसली. बाबांनी ते दोन कागदी भोंगे उपटून बाजूला टाकले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "या दोन भोकांत तुझे स्पीकर बसव. आणि नीट बसव रे, रविवारी अख्खी चाळ येणार आहे."