तुलुगाकची सही

किग्नाक : पातं न्यायला आलो, तर ही यंत्राची काच काय दाखवतोस?

तुलुगाक : त्यात तेच आहे, बाबा. तुमचं भाल्याचं दगडी पातं. बोटानं फिरवा, सगळीकडून दिसतं. आणि शाळेतली नवी बाई विचारत होती, म्हातारा तुला पोरगा का म्हणतो?

किग्नाक : सांगायचं तिला. माझा पोरगा बर्फाखाली गेला, वर्षानं तू जन्मलास, त्याचं नाव तुला दिलं. नाव आलं की माणूस आला. बाईमाणसाच्या अंगात आला म्हणून काय झालं?

तुलुगाक : सांगितलं, तर बाई हसली.

किग्नाक : हसू दे. पातं आण. नऊ वर्षांचा होतास, कड्याच्या चिखलातून काढलंस. वादळ सरलं की होडी घेऊन जातो, तो बुडाला तिथं सोडतो. थडगं नाही त्याला. हत्यार तरी असू दे.

तुलुगाक : हजारो वर्षांचा दगड पाण्यात टाकायचा? समुद्र कडा खात सुटलाय, म्हणून तर एकेका दगडाचं चित्र आम्ही यंत्रात उतरवतोय.

किग्नाक : समुद्रानं घेतलं ते घरातच राहतं. शहरवाल्यांनी नेलेलं कधी आलं परत? आधी पाद्र्यानं ढोल जाळले. मग शहाणे आले, आमच्या म्हाताऱ्यांची हाडं पेट्यांत भरून नेली, वर चहाची पुडी देऊन गेले. आता दगड. हातात धरलं की ऊब येते त्याला. ती उतरते यंत्रात?

तुलुगाक : नाही.

किग्नाक : मग आण. दोन दिवसांसाठी दिलं होतं.

तुलुगाक : इथं नाहीये ते. शहरातल्या संग्रहालयवाल्यांचं विमान उद्या यायचं होतं, वादळाच्या भीतीनं आज सकाळीच आलं. तुम्ही सीलमागे गेला होतात. ते म्हणाले, इथं ठेवलंत तर कड्याबरोबर जाईल. मला पटलं. पेटीत घातलं.

किग्नाक : कुणाला विचारून? कुठल्या हरामखोरानं सही केली?

तुलुगाक : कागदावर विचारलं होतं, कुणाला सापडलं. मी लिहिलं, तुलुगाक. खाली सही केली. तीच.

(किग्नाक खाली बसतो.)

किग्नाक : म्हणजे पोरानंच दिलं.

तुलुगाक : शिव्या घाला मला, बाबा.

किग्नाक : सहा दिवस बर्फावर हाका मारत फिरलो, तेव्हा ओ दिली नाहीस. आता समोर बसलायस, तर शिव्या घालू?

तुलुगाक : मी पत्र लिहिते. परत मागवते.

किग्नाक : दिलेलं मागत नाहीत. फिरव ते काचेतलं जरा. सावकाश.